उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातली प्रार्थना का मोडते, आणि काय करता येईल

सलाम ताई,

तुमचा प्रश्न वाचणाऱ्या इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही पिंपरीला राहता. मिस्टर कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची, दोघंही इंग्रजी माध्यमात. शाळा चालू असते तेव्हा रात्री जेवणाआधी घरात प्रार्थना होते आणि रविवारी मुलं संडे स्कूलला जातात. मे लागला की संडे स्कूल बंद, झोपण्या-उठण्याच्या वेळा बिघडतात, मोबाइल हातातून सुटत नाही, आणि मग श्रीरामपूरजवळच्या गावी सासरी मुक्काम. जूनमध्ये परत येता तेव्हा सवय मोडलेली असते. त्यात मुलगा म्हणू लागलाय, “मम्मी, रोज तेच तेच, बोअर होतं.” गावी तुमच्या जाऊबाई असतात, त्या वसईच्या, कॅथोलिक. त्या जपमाळ करतात तेव्हा मुलं प्रश्न विचारतात आणि तुम्हाला काय सांगावं कळत नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

मी बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते आणि उन्हाळा तोंडावर आला की हा प्रश्न कोणी ना कोणी आई विचारतेच. माझं मत सरळ सांगते. सुट्टीत विश्वासाचा आणखी एक क्लास काढू नका. पोहण्याचा क्लास, अबॅकसचा क्लास आणि त्याला जोडून देवाचा क्लास, असं झालं की देव त्याच रांगेत जाऊन बसतो, आणि क्लास संपला की तोही संपतो. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे आईबापांना सांगतो की ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, आणि कधी बिंबवायची त्या वेळाही सांगतो: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. शाळेच्या दिवसांत यातली एकही वेळ आपल्या हातात नसते. उठणं म्हणजे स्कूलबसची घाई, चालणं म्हणजे स्कूटरवर मागे बसणं. सुट्टीत मात्र चारही वेळा परत मिळतात. म्हणून मला उन्हाळा हा विश्वासाला धोक्याचा काळ वाटत नाही. वर्षभरात याहून चांगला काळ मिळत नाही.

आधी वेळेचं बघू. रात्री साडेसातला आयपीएलचा सामना सुरू होतो. त्या वेळी प्रार्थनेला बसवाल तर मुलगा डोळे मिटेल, पण कान शेजारच्या टीव्हीकडे असतील, आणि रोज अशी ओढाताण झाली की प्रार्थनेचाच कंटाळा येईल. सुट्टीपुरती प्रार्थनेची जागा बदला. दुपारी जेवणानंतर, ऊन कडक असतं आणि कोणी बाहेर जात नाही, तेव्हा पंखा लावून फरशीवर बसा. दहा मिनिटं पुष्कळ. एक गीत, थोडं वाचन, प्रत्येकाची एकेका वाक्याची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. प्रार्थना लांबवू नका. ७ वर्षांच्या मुलीने “आजीचा गुडघा बरा कर, आमेन” एवढंच म्हटलं तरी ती पुरी प्रार्थना आहे. तिला पुढे शिकवू नका की आता अमक्यासाठी कर, तमक्यासाठी कर.

आता वाचायचं काय? इथे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण मुलाच्या “बोअर”चं निम्मं उत्तर इथेच आहे. तो तेच ते ऐकून कंटाळलाय: नोहाचं तारू, दावीद आणि गल्याथ, पाच भाकरी दोन मासे, तेही लहान मुलांसाठी सौम्य करून. बायबल हे उन्हाच्या, विहिरींच्या आणि पाण्यासाठी तरसणाऱ्या मुलखातलं पुस्तक आहे. मे महिन्यात, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावात, तुमच्या मुलांना ते जेवढं कळेल तेवढं थंडीत पिंपरीच्या फ्लॅटमध्ये कळणार नाही. म्हणून उन्हाळ्याच्या गोष्टी निवडून वाचा.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर उन्हाच्या वेळी डेऱ्याच्या दाराशी बसलेला असतो आणि तीन अनोळखी माणसं समोर दिसतात. तो धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, झाडाखाली बसवतो, साराला पीठ मळायला सांगतो. ही गोष्ट दुपारी दोन वाजता वाचा आणि मुलांना विचारा, आत्ता आपल्या दारात कोणी आलं तर आपण काय करू? निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लोक पाण्यासाठी मोशेशी भांडतात, त्याला दगडमार करायच्या बेताला येतात. ज्यांनी गावात टँकरपुढची भांडी आणि बाचाबाची पाहिलीय त्यांना त्यात काही परकं वाटणार नाही. पहिल्या राजांच्या सतराव्या अध्यायात एलीया करीथ ओहोळाच्या काठी राहतो, कावळे त्याला अन्न आणतात, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं वचन सहसा कोणी सांगत नाही: पाऊस न पडल्यामुळे तो ओहोळही आटला. देवाने स्वतः जिथे पाठवलं तिथलंही पाणी आटलं! मुलाला विचारा, हे कसं काय? उत्तर घाईने देऊ नका. मग सारफथच्या विधवेची गोष्ट वाचा, मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलेली.

रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, चार दिवसांत होतं. जवाच्या कापणीला सुरुवात होते तेव्हा ती बेथलेहेमात येते आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. सरवा वेचणं म्हणजे काय ते तुमच्या सासूबाईंना विचारायला लावा. कदाचित त्यांनी स्वतः वेचला असेल. मग शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना मुद्दाम थोड्या काड्या टाकून द्यायला का सांगतो, हे शहरातल्या मुलालाही लगेच कळतं.

आणि तुमच्या मुलासाठी खास योनाचा चौथा अध्याय. मासा सगळ्यांना ठाऊक असतो, पण माशानंतरचं कोणी वाचत नाही. देवाने निनवे शहराचा नाश टाळला म्हणून योना रुसून गावाबाहेर बसलाय, सावली देणारी वेल उगवते, दुसऱ्या दिवशी कीड लागून ती वाळते, पूर्वेचा झळईचा वारा सुटतो, ऊन डोक्यावर असं लागतं की त्याला मरण बरं वाटतं. देव त्याला विचारतो, तुला एका वेलीचा कळवळा येतो, मग उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि कितीतरी गुरंढोरं ज्यात आहेत त्या निनवेचा कळवळा मला येऊ नये काय? पुस्तक इथेच संपतं, प्रश्नावर. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. १२ वर्षांच्या मुलाला म्हणा, योनाच्या जागी तू असतास तर काय म्हणाला असतास? आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्या.

शेवटी योहानाचा चौथा अध्याय, याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी दमून बसलेला प्रभू येशू आणि पाणी भरायला एकटीच आलेली शोमरोनी बाई. “मला प्यायला पाणी दे,” असं तो तिच्याकडे मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, तरी यहूदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी मागतो, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. आपल्या पणज्यांनी पाणवठ्यावर काय सोसलंय ते आपल्याला माहीत आहे. पण मुलांना माहीत आहे का?

म्हणूनच गावच्या मुक्कामाकडे वळते. तो मुक्काम तुम्हाला अडचण वाटतो. मला तो तुमच्या उन्हाळ्याचा गाभा वाटतो. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाबद्दल सांगताना आधी आजी लोईस हिचं नाव घेतो, मग आई युनीके हिचं. तुमच्या सासूबाईंना एका दुपारी मुलांसमोर बसवा आणि मुलांना विचारू द्या: आपलं घराणं ख्रिस्ती कसं झालं? पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला? घरच्यांनी, गावाने काय केलं? मुलाच्या मोबाइलला या कामी लावा. तो रेकॉर्ड करील, फोटो काढील, जुन्या बाप्तिस्म्याच्या किंवा लग्नाच्या दाखल्यांचे फोटो घेईल.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघू लागला. पण मुलांना या सनावळ्यांशी काही देणंघेणं नसतं. त्यांना पणजोबांचं नाव हवं असतं. शाळेत कोणीतरी त्यांना विचारतंच, “तू ख्रिश्चन, मग तुझं आडनाव मराठी कसं?” आणि बहुतेक मुलं गप्प बसतात किंवा काहीतरी उडवाउडवीचं सांगतात. आपल्या पुष्कळ घरांतली ती गोष्ट दुष्काळाची, मिशनच्या शाळेची, दवाखान्याची आणि गावकुसाबाहेर राहावं लागल्याच्या अपमानाची असते. काही पालक हे मुलांपासून लपवतात. लपवू नका, माझी कळकळीची विनंती आहे. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून ठेवायला सांगितलंय ते याचसाठी की पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले, आणि मग बापाने त्यांना सांगावं. ज्या पणजोबाला कोणी पाटीला हात लावू दिला नव्हता त्याने शुभवर्तमान वाचायला अक्षरं शिकली, हे ज्या मुलाला कळलं, तो बायबल वेगळ्या हाताने उघडतो.

सासूबाईंकडून गीतंही घ्या. आपली जुनी माणसं उपासना संगीतातली पदं पुस्तक न उघडता म्हणतात. नारायण वामन टिळकांची भजनं अजून टाळ-पेटीवर चालतात, आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा तर अहमदनगरच्या ख्रिस्ती लोकांनी घडवलेली. तुमच्या मुलांना इंग्रजी कोरस येत असतील, ते चांगलेच आहेत, पण आजीबरोबर ती काय म्हणणार? मुक्कामात दोन पदं पाठ होऊ द्या, जास्त नको. कुरडयांचा चीक शिजत असताना, पापड लाटताना आजी गुणगुणते तेव्हाच मुलं शिकतात. वाचनही आजीबरोबर करा, एक वचन आजीने, एक मुलाने. तो मराठी अडखळत वाचेल. आजी सुधारून देईल, त्याला राग येणार नाही. तुम्ही सुधारलंत तर येईल.

जाऊबाईंबद्दल. मे हा कॅथोलिक मंडळींत मरियेचा महिना मानतात आणि वसईकडे या महिन्यात एकत्र जपमाळ म्हणण्याची रीत आहे. मुलांना एवढं खरं आणि साधं सांगा: काकू मरियेच्या सोबतीने येशूच्या आयुष्यातले प्रसंग आठवून प्रार्थना करतात, आपण तशी करत नाही, पण प्रभू एकच आहे. दोन्हीकडचं काय बरोबर यावर मुलांपुढे चर्चा नको. त्याऐवजी काकूंबरोबर एक दिवस लूकचा पहिला अध्याय वाचा. गरोदर मरिया डोंगराळ मुलखात आपली नातलग अलीशिबा हिच्या घरी जाते आणि सुमारे तीन महिने राहते. नातेवाइकांकडे मुक्कामाला जाण्याची एवढी सुंदर गोष्ट दुसरी नाही, आणि कॅथोलिक पंचांगात या भेटीचा सण ३१ मेलाच येतो. मरियेचं गीत दोघींनी मिळून वाचा.

वर्षाच्या पंचांगाचाही आधार घ्या. उन्हाळा पुनरुत्थान आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, यांच्यामध्येच पडतो. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, स्वर्गारोहण १४ मेला आणि पेंटेकॉस्ट २४ मेला आहे. स्वर्गारोहणानंतर शिष्य, स्त्रिया आणि येशूची आई मरिया एकचित्ताने प्रार्थना करत राहिले, असं प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात आहे. ते मधले दिवस घरात पाळा. रोज एका माणसासाठी प्रार्थना करायची, आणि तो माणूस मुलांनी निवडायचा: वर्गशिक्षिका, सोसायटीचा वॉचमन, भांडण झालेला मित्र. २४ तारखेला ती नावं पुन्हा एकदा घ्यायची. प्रेषितांची कृत्ये २८ अध्यायांची आहेत. वाचनाची गोडी लागली तर पेंटेकॉस्टपासून शाळा उघडेपर्यंतचे दिवस त्यालाही द्या. जहाज फुटतं, तुरुंगाची दारं उघडतात, खिडकीत बसून झोपलेला तरुण तिसऱ्या मजल्यावरून पडतो. १२ वर्षांच्या मुलाला यात कंटाळा यायचं कारण नाही.

एक काम हाताने करायचंही ठेवा. “एक पेलाभर थंड पाणी” देणाऱ्याचंही प्रतिफळ बुडणार नाही, असं प्रभू मत्तयाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो. पिंपरीत असेपर्यंत तुमच्या इमारतीच्या फाटकापाशी माठ ठेवा, वर झाकण आणि ओगराळं. तो रोज घासून भरणं हे मुलांचं काम. पार्सल देणारी मुलं, कचरा नेणाऱ्या मावशी, भाजीवाले कोणीही पाणी पितील. त्यावर वचनाची पाटी लावू नका, मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव लिहू नका. नुसतं पाणी द्या. आणि मुलीला गच्चीत पक्ष्यांसाठी एक पसरट भांडं भरू द्या. मुलांना याचं पुण्यबिण्य समजावत बसू नका. दोन दिवस माठ भरायचा राहिला आणि कोणी तोंड पाडून परत गेलं की ती स्वतःच समजतात.

जमलं तर एक दिवस केडगावला जाऊन या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना जिथे आसरा दिला ते मुक्ती मिशन तिथे आजही आहे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि मुक्तीतल्याच छापखान्यात ते छापलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. जाण्याआधी तिथे फोन करून भेटीची वेळ विचारा.

मुलाच्या “बोअर” बद्दल आणखी थोडं. त्याला रागावू नका आणि घाबरूही नका. लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशू १२ वर्षांचा आहे, घरच्यांबरोबर सणाला गेलाय आणि मागे राहिलाय. आईबापाला तो सापडतो तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत असतो. प्रश्न विचारणं हे त्या वयाचं कामच आहे. तुमचा मुलगा विचारील, प्रार्थना करूनही अमके का वारले? विज्ञानाच्या पुस्तकात वेगळं आणि बायबलात वेगळं का? उत्तर येत नसेल तर “मलाही माहीत नाही, आपण पाळकसाहेबांना विचारू” म्हणा, आणि खरंच विचारा. तो प्रार्थनेला बसणार नाही म्हणाला तर बसण्याची सक्ती करा पण बोलण्याची करू नका. घरातले सगळे बसतात तिथे तोही बसेल, गप्प राहील. त्याला काम द्या: वाचन निवडणं, गीताला ताल धरणं, बहिणीला वचन पाठ करून देणं. एसटीने गावी जाताना त्याच्या शेजारी तुम्ही बसा, खिडकी त्याला द्या, आणि अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित येशू ज्यांच्याबरोबर चालला त्या दोघांची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगा. समोरासमोर बसून न बोलणारी मुलं प्रवासात बोलतात.

मिस्टरांना यात ओढा. पाळ्यांमुळे रोजच्या प्रार्थनेला ते नसतील, चालेल. त्यांच्याकडे एकच काम द्या: जेव्हा घरी असतील तेव्हा झोपण्याआधी दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून गणनेच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद म्हणायचा, “परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो.” अर्धा मिनिट लागतो. रात्रपाळीला जाताना दारातही म्हणता येतो. आपल्याकडे बाप प्रार्थनेत नसतो आणि आईच सगळं ओढते, आणि मुलगा मोठा झाला की विश्वास हे बायकांचं काम समजतो. हा आशीर्वाद तेवढा जपलात तरी पुष्कळ होईल.

तुमच्या मंडळीत व्हीबीएस (मुलांसाठीची सुट्टीतली बायबल शाळा) असेल तर मुलांना नक्की पाठवा. गाणी, अभिनय, चिकटकाम, मित्र, सगळं चांगलं असतं. रोज घरी आल्यावर त्यांनी शिकलेलं गाणं तुम्हाला शिकवायचं, एवढं पाहा. गावी असताना रविवार चुकवू नका. आधीच तिथल्या पाळकांना फोन करून सांगा की मुलगी एक गीत म्हणेल. आपण पाहुणे आहोत असं मग तिला वाटणार नाही.

वाचन मध्ये राहिलं तर राहिलेले अध्याय एका बैठकीत भरून काढू नका, त्या दिवशीचं वाचा आणि पुढे चला. आणि गावी जाताना छापील बायबल न्या, मोठ्या अक्षरांचं. सासूबाईंना बोट ठेवून वाचायची सवय असेल, आणि मोबाइलवर वाचायला घेतलं तर दुसऱ्या वचनालाच कुठला तरी मेसेज वाजतो.